ड्रमवर बसणारी इलॅस्टिकची जाळी : आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरांसाठी

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. घ्या. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमच्या तोंडावर बसणारी, कडेला इलॅस्टिक असलेली मच्छरजाळी सत्तर-ऐंशी रुपयांना मिळते. डेंग्यूपासून घर वाचवायला बाजारात जे जे विकत मिळतं, त्यात मला हीच वस्तू सगळ्यात कामाची वाटते. कॉइल, लिक्विड, बॅट, अगरबत्ती, अंगाला लावायचं मलम, या सगळ्यांच्या आधी हिचा नंबर. मात्र जाळी म्हणून विकलं जाणारं सगळंच घेण्यासारखं नाही. मी दोन प्रकार वापरले. त्यातला एक उपयोगाचा नाही, आणि जो उपयोगाचा आहे त्याच्याही काही खोडी आहेत. त्या सगळ्या इथे लिहितो.

मी हिवताप विभागात क्षेत्र कर्मचारी म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. मराठवाड्यातल्या किती घरांच्या रांजणांत, हौदांत आणि ड्रमांत टॉर्च मारला असेल त्याचा हिशेब नाही. आता छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात मुलाकडे राहतो. पैठणच्या नाथसागरासारखा मोठा जलाशय इतका जवळ असूनही आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे घर म्हटलं की ड्रम आलेच. आमच्याकडे जिन्याखाली दोन, न्हाणीघरात एक, गच्चीवर एक. भाड्याच्या खोलीत चार माणसं राहत असली तरी दारात दोन ड्रम दिसतीलच. पाणी सुटलं की सगळी गल्ली पाइप ओढत भरायला लागते आणि भरून झालं की ते पाणी पुढचा आठवडाभर जपून वापरायचं असतं.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला नेमकं हेच हवं असतं. लोक म्हणतात, नाल्यामुळे डेंग्यू झाला. नाल्यात, गटारीत, सेप्टिक टँकमध्ये वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री कानाशी गुणगुणतो, झोपमोड करतो, हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूशी त्याचा संबंध नाही. एडिसला साठवलेलं, स्वच्छ, सावलीतलं, न हलणारं पाणी लागतं, म्हणजे आपण पिण्यासाठी आणि वापरण्यासाठी भरून ठेवतो तसं. म्हणून या डासाचा कारखाना गल्लीच्या टोकाला नसतो, आपल्या जिन्याखाली असतो. तो लांब उडतही नाही. जिथे जन्मला त्याच्या आसपास, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच बहुतेक आयुष्य काढतो. तुमच्या घरात कुणाला डेंग्यू झाला असेल, तर तो डास तुमच्या नाही तर शेजाऱ्याच्या ड्रममधून आला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ड्रमच्या ओलसर भिंतीवर एकेक करून चिकटवते. सुरुवातीला ती पांढरी असतात, काही तासांत काळी पडतात. इतकी बारीक, की निळ्या ड्रमवर धुळीचे कण वाटावेत. सगळी अंडी एकाच ठिकाणी घालायचीही तिची सवय नाही. थोडी या ड्रममध्ये, थोडी कुंडीखालच्या ताटलीत, थोडी कूलरमध्ये. पाणी वर चढून अंड्यांना टेकलं की अळ्या बाहेर पडतात. अळी, कोष आणि मग पंख फुटलेला डास, हे सगळं आपल्याकडच्या उबेत सात ते दहा दिवसांत उरकतं. आता हा हिशेब आमच्या नळाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. पाणी आठ दिवसांनी, डास आठ दिवसांत. ड्रम रिकामा होण्याच्या सुमारालाच पोर उडून जातं.

आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. मीही दारोदार हेच सांगत फिरलो आणि सल्ला अगदी बरोबर आहे. पण ज्या बाईने दोन हंड्यांसाठी टँकरमागे धावून पाणी आणलंय, तिला तुम्ही अर्धा ड्रम ओतून द्यायला सांगू शकत नाही. ती ओतणार नाही आणि तिने ओतू नये. अशा घरात कोरडा दिवस कागदावर राहतो. तिथे डास आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी आडवं घालणं हाच उपाय उरतो. म्हणून मी या जाळीवर इतकं लिहितोय.

उपाय जुनाच आहे. 1901 मध्ये क्युबातल्या हवाना शहरात विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, आटोक्यात आणला, तो इतर उपायांसोबत घराघरातली पाण्याची पिंपं आणि टाक्या झाकायला लावून, जिथे झाकता येत नव्हतं तिथे तेल सोडून. पीतज्वर पसरवणारा डास हाच, एडिस इजिप्ती. पुढे 1906 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे डॉ. थॉमस बॅन्क्रॉफ्ट यांनी डेंग्यूही याच डासामार्फत पसरतो असं मांडलं. तेव्हापासून आजपर्यंत औषधं बदलली, धूर सोडायची यंत्रं बदलली, पण माझ्या मते पिंपावर कापड घालण्याइतका घरच्या घरी जमणारा खात्रीचा उपाय दुसरा नाही.

आता जाळीकडे येतो.

पहिली जाळी मी आठवडी बाजारातून आणली. हिरवी, जाड धाग्याची, हाताला कडक. बांधकामाच्या परांचीला लावतात त्या कापडाच्या जातीची. इलॅस्टिक मजबूत होतं आणि किंमतही कमी होती. पण छिद्रं मोठी. एडिस हा छोटा डास. मच्छरदाणीच्या चांगल्या कापडाला एका चौरस इंचात दीडशेच्या वर छिद्रं असतात, म्हणजे एक छिद्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हिरव्या जाळीची छिद्रं त्याच्या दुप्पट असतील. पालापाचोळा आणि कबुतराची पिसं अडवायला ती चांगली आहे, डासाला नाही. गच्चीवरच्या ड्रमला ती लावली आणि पुढचं पाणी सुटायच्या आतच टॉर्चमध्ये अळ्या दिसल्या.

दुकानात छिद्र मोजायला कुणी पट्टी घेऊन जात नाही. त्यासाठी एक सोपी रीत सांगतो. खिशात चिमूटभर मोहरी आणि खसखस घेऊन जा. जाळी ताणून धरा. खसखस खाली पडली तर चालेल, मोहरीचा दाणा जाता कामा नये. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

दुसरी जाळी जुन्या मोंढ्याच्या बाजूला प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानातून घेतली. पांढरी, मऊ, मच्छरदाणीच्याच नायलॉन कापडाची, गोल कापलेली. कडेला दुहेरी शिवण घालून परकराच्या नेफ्यासारखं इलॅस्टिक ओवलेलं. ड्रमच्या तोंडावर टाकून खाली ओढली की काठाच्या बऱ्याच खाली जाऊन घट्ट बसते. पावसाळाभर वापरली ती हीच, आणि ‘घ्या’ म्हणतोय तीही हीच.

ती चालते की नाही हे बघायची पद्धत नोकरीतलीच. ड्रमला धक्का न लावता जवळ जायचं, कारण हादरा बसला किंवा सावली पडली की अळ्या वळवळत तळाला जातात आणि घाईत बघणाऱ्याला पाणी साफ दिसतं. गेल्यावर मिनिट-दोन मिनिटं नुसतं थांबायचं. मग टॉर्च तिरका मारायचा. अळीला श्वासासाठी वर यावंच लागतं. एडिसची अळी शेपटीकडची आखूड नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावते आणि डोकं खाली सोडून लोंबते. मलेरियाच्या डासाची अळी पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडून राहते. कोष स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो. तो काही खात नाही, पण धक्का लागला की टुणकन खाली जातो. कोष दिसले तर समजायचं की दोन दिवसांत डास उडणार. आमच्या जिन्याखालच्या दोन्ही ड्रमांत, पांढरी जाळी नीट लावलेली असताना, मला अळी दिसली नाही. त्याच जिन्याखाली एका कोपऱ्यात ठेवलेल्या, मागे पडलेल्या रंगाच्या उघड्या डब्यात मात्र होत्या. म्हणजे मादी तिथे येत होती, तिला ड्रममध्ये शिरता येत नव्हतं एवढंच. डबा लगेच ओतून दिला.

आता खोडी.

पहिली म्हणजे झोळ. ड्रम काठोकाठ भरला आणि जाळी मधोमध लोंबून पाण्याला टेकली, तर ती ओली होते. ओलं कापड मादीला अंडी घालायला आवडतंच, प्रयोगशाळेतसुद्धा या डासाची अंडी ओल्या कागदावर घेतात. कापडावरून अळी पाण्यात उतरली की जाळी असून नसून सारखी. म्हणून ड्रम चार बोटं रिकामा ठेवायचा. पाण्याची इतकी ओढ असताना चार बोटं सोडायला जीव होत नाही, हे मला कळतं. तसं असेल तर तोंडावर बांबूच्या दोन चिपा फुलीसारख्या आडव्या टाका आणि त्यावर जाळी ओढा, झोळ पडत नाही. हे विकणाऱ्याने जाळीसोबतच द्यायला हवं. प्लास्टिकची एक फुली दिली तर दहा रुपये जास्त घ्यावेत, लोक आनंदाने देतील.

दुसरी खोड इलॅस्टिकची. सावलीतल्या ड्रमवर ते टिकलं. गच्चीवर उन्हात ढिलं पडलं आणि वाऱ्याने एक बाजू उचलली जायला लागली. बोटभर फटही डासाला पुरते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी कापून वरून चढवली, आता हलत नाही. गच्चीवरच्या ड्रमसाठी जाळी घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ही पट्टी चढवावी.

तिसरी खोड खरं तर जाळीची नाही, वापराची आहे, आणि तीच सगळ्यात मोठी. पाणी घ्यायचं म्हणजे जाळी काढायची, मग तांब्या बुडवायचा, परत जाळी ओढायची. सकाळच्या घाईत हे कोण करणार? घरोघरी मी बघतो, जाळी ड्रमवर असते पण अर्धी मागे सारलेली. आमच्या सूनबाईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “मामा, मुलांचे डबे करू का जाळी ओढत बसू?” तिचं म्हणणं खरं होतं. मग प्लंबरला बोलावून दोन्ही ड्रमांना खाली तोटी बसवून घेतली. तेव्हापासून जाळी फक्त पाणी भरायच्या दिवशी निघते. भरायचा पाइपसुद्धा जाळी एका बाजूने थोडी उचलून आत घालता येतो. जाळीला सत्तर आणि तोटीला दीडशे-दोनशे असा एकत्र खर्च धरा. तोटी नसेल तर या जाळीचा निम्मा फायदा हातातून जातो. तोटी अगदी खाली बसवली की ड्रमखाली दोन विटा ठेवाव्या लागतात, नाहीतर तांब्या मावत नाही.

घासणं विसरू नका, ही गोष्ट पाकिटावर कुठेही लिहिलेली नाही. जाळी लावण्याआधी ड्रम एकदा पूर्ण रिकामा करून आतून काथ्याने किंवा ब्रशने दाबून घासायला हवा, विशेषतः पाण्याची पातळी जिथे नेहमी असते तो वरचा पट्टा. नुसतं खळबळून अंडी निघत नाहीत. ती भिंतीला चिकटून कोरडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी भेटलं की फुटतात. उन्हाळाभर पालथा पडलेला ड्रम जूनमध्ये भरल्यावर आठवड्याभरात डास देतो तो यामुळे. आमच्या शेजारच्या ताईंनी माझं बघून जाळी आणली आणि न घासता लावली. पुढच्या आठवड्यात मला हाक मारून म्हणाल्या, “काका, जाळीतच डास झाले की हो!” जाऊन बघितलं तर जाळीच्या आतल्या बाजूला चार-पाच डास बसलेले, पाय पांढऱ्या पट्ट्यांचे, पाठीवर पांढऱ्या बारीक रेघा. ताई जाळी फेकून द्यायला निघाल्या होत्या. मी सांगितलं, जाळी नसती तर हेच डास आत्ता तुमच्या पलंगाखाली असते. कापड बाहेरून ओल्या फडक्याने दाबून ते मारले, उरलेलं पाणी बाहेर कोरड्या मातीवर ओतलं, म्हणजे अळ्या तिथेच मरतात, आणि ड्रम घासून परत लावला. त्यानंतर तक्रार नाही.

त्या वेळी ताईंनी विचारलं, हे डास चावले असते तर डेंग्यू झाला असता का? हा प्रश्न फार लोकांच्या मनात असतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो. नुकताच जन्मलेला डास बहुधा रिकामा असतो. आईकडून अंड्यात विषाणू उतरू शकतो, पण ते कमी घडतं. डासाला विषाणू मिळतो तो माणसाकडून. ताप यायच्या साधारण दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू फिरत असतो. त्या काळात मादी त्याला चावली की विषाणू तिच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि आठ ते बारा दिवसांनी तिच्या लाळेत पोचतो. तिथून पुढे ती मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला विषाणू देऊ शकते. एक-एक मादी तीन-चार आठवडे जगू शकते. आणि तिची सवय अशी की एकाच माणसाचं रक्त पोटभर पीत नाही. हात हलला की उडते, दुसऱ्याला चावते, मग तिसऱ्याला. एका घरात दोन-तीन माणसं पाठोपाठ तापाने आडवी होतात, त्याचं हे कारण. चावल्यानंतर माणसाला ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. खोकल्याने, ताट-वाटी एकत्र वापरल्याने, अंगाला हात लावल्याने डेंग्यू होत नाही. लोक रुग्णाचं भांडं वेगळं ठेवतात आणि दुपारी त्याला उघड्यावर झोपवतात. करायला हवं ते उलट. भांडं कुठलंही चालेल, पण त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. मच्छरदाणी त्याच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी आहे.

दिवसासुद्धा, कारण हा डास दिवसा चावतो. सकाळी सूर्य वर आल्यानंतरचे काही तास आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधीचे काही तास यांत जास्त. टेबलाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत, पलंगाखालच्या अंधारात बसतो आणि घोटे, पोटऱ्या शोधतो. गुणगुणणं जवळजवळ ऐकूच येत नाही. रात्री झोपताना लिक्विडचं बटण लावून सकाळी बंद करणारं घर डेंग्यूच्या बाबतीत नेमक्या चुकीच्या वेळी सावध असतं. लिक्विड वापरायचं असेल तर पोरं शाळेतून आल्यावर लावा.

धूरफवारणीबद्दल विचारणारे खूप असतात. गल्लीत ताप आला की पहिली मागणी धुराच्या गाडीची. धूर उडत्या डासाला मारतो आणि साथ पेटलेली असताना तो सोडायलाच हवा. पण तो पाण्यातल्या अळीला काही करत नाही, अंड्याला तर नाहीच, आणि दारं-खिडक्या लावून घेतलेल्या घरातल्या पलंगाखाली पोचतही नाही. धूर विरला की दुसऱ्या दिवशी ड्रममधून नवे डास हजर. अबेट, म्हणजे टेमीफॉस, अळ्यांसाठी चांगलं. ठरलेल्या मात्रेत पाण्यात चालतं, पण पिण्याच्या पाण्यात औषध टाकू द्यायला लोक तयार नसतात. कर्मचारी पाठ फिरवून गेला की पाणीच ओतून देतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलं. गप्पी मासे हौदात उत्तम, ड्रममध्ये नाही. ड्रम आठवड्याला रिकामा होतो आणि मासे कुठे ठेवायचे हा प्रश्न येतो.

जाळीचे खरे स्पर्धक दोन. एक ड्रमचं स्वतःचं झाकण. ते घट्ट बसत असेल तर जाळीपेक्षा सरस, आणि लहान पोरं असलेल्या घरात झाकणच लावा, कारण मूल वाकून ड्रममध्ये पडण्यापासून जाळी वाचवत नाही. पण कंपनीतून निघालेले जुने ड्रम आपण घेतो, त्यांचं तोंड कापलेलं असतं आणि झाकण नसतंच. वरून पत्रा किंवा फळी ठेवली तर कडेला फट राहते. दुसरा स्पर्धक घरातलं जुनं धोतर किंवा सुती साडी, दुहेरी घडी करून सुतळीने आवळलेली. अडवण्यात ती जाळीइतकीच चांगली. ओली झाली की जड होऊन लोंबते, बुळबुळीत होते, आणि रोज गाठ सोडून परत बांधायचा कंटाळा येतो, म्हणून मी जाळीकडे वळलो. पण सत्तर रुपये नसतील तर जाळीसाठी थांबू नका, साडी आजच बांधा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीला ही जाळी बसत नाही. तिथे झाकणाची तुटलेली बिजागरी दुरुस्त करा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला याच कापडाचा तुकडा तारेने आवळा. ती नळी उघडी असते हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, डासाला मात्र बरोबर सापडते. सिमेंटच्या चौकोनी हौदालाही ही जाळी निरुपयोगी, कोपरे उघडे पडतात. त्याला पत्र्याचं झाकण किंवा गप्पी मासे. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेलं टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, या गोष्टींना जाळी लागत नाही, आठवड्यातून एकदा हात लागतो. इथे पाणी ओतून द्यायला कुणाचंही मन धजेल. ड्रमांचं काम जाळीवर सोपवलं की या बारक्या गोष्टी बघायला वेळ आणि उत्साह उरतो, हा मला झालेला मोठा फायदा.

गेल्या गणपतीच्या दिवसांत आमच्या ओळीतल्या तीन घरांत ताप होता. एका पोराला दवाखान्यात ठेवावं लागलं, प्लेटलेट खाली आल्या होत्या. त्याची आई मला रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. पोराला आधी एकदा डेंग्यू होऊन गेला होता, म्हणून तिला वाटत होतं की आता परत होणार नाही. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एक झाला की त्याच्यापुरतं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून थोडेच महिने. आणि दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार झाला तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे आम्हाला झाला म्हणून आम्हीच जास्त सांभाळायचं?” होय. ज्या घरात एकदा डेंग्यू येऊन गेला, त्या घराने जाळीच्या बाबतीत हलगर्जी करूच नये. पोर बरं झालं. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांतच पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं दिसतात आणि लोक ताप गेला म्हणून निर्धास्त असतात. तिने तसं न करता पोराला वेळेवर नेलं. तापात पॅरासिटामॉलशिवाय अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने देऊ नका, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन तर नाहीच, रक्तस्राव वाढतो.

त्या आठवड्यात त्या ओळीतल्या सगळ्या ड्रमांना जाळ्या लागल्या. मी दुकानातून एकगठ्ठा आणल्या, दुकानदाराने थोडा भाव कमी केला. एका घरी भाडेकरू पोरं राहतात, दिवसभर कंपनीत असतात. त्यांचा ड्रम मात्र बरेच दिवस उघडा होता आणि त्यांना चार वेळा सांगायला लागलं. एक ड्रम उघडा राहिला तर आजूबाजूच्या सगळ्या घरांना डास पुरवतो, म्हणून मी मागे लागलो. स्वतःच्या घरापुरती जाळी घेऊन भागत नाही. शेजाऱ्यालाही एक आणून द्या.

घेताना एवढं बघा. दोनशे लिटरच्या ड्रमचं तोंड साधारण दोन फुटांच्या आत-बाहेर असतं. जाळी ताणल्यावर किमान तीन फूट व्यासाची हवी, म्हणजे काठाखाली उतरून बसते. ‘फ्री साइज’ लिहिलेलं असलं तरी दुकानात ड्रम असेल तर बसवून बघा. शिवण दुहेरी असावी. इलॅस्टिकचा जोड गाठ मारलेला नको, शिवलेला हवा. रंग पांढराच घ्या. काळ्या किंवा हिरव्या जाळीवर आत बसलेला डास चटकन दिसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा साबणाने धुवा, मशीनमध्ये टाकू नका, पिळूही नका. भोक पडलं तर रफू करा, मेणबत्तीवर वितळवून चिकटवायला जाऊ नका, भोक वाढतं.

पाचपैकी चार. एक गुण फुली न दिल्याबद्दल आणि गच्चीवर न टिकणाऱ्या इलॅस्टिकबद्दल कापला. लावायची ती मेच्या शेवटी, पाऊस पडायच्या आधी लावा, आणि दिवाळी झाली म्हणून काढू नका. आमच्याकडे नळ हिवाळ्यातही आठ दिवसांनीच येतो.